सिम्युलेशनमधल्या दीर्घिका: भाकीत की जुळवाजुळव?

निरुद्योगी: ईगल (2015), इलस्ट्रिस-टीएनजी (2018) या विश्वाच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनची चित्रं बघून लोक भारावतात, कॉम्प्युटरने अख्खं विश्व बनवलं म्हणे. मला नाही पटत. टीएनजीच्या टीएनजी100 या सिम्युलेशनमध्ये वायूचा एक कण, म्हणजे हिशोबासाठी पाडलेला एक तुकडा, साधारण 14 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा, तारा सोडा, ताऱ्यांचा अख्खा गुच्छ त्यात गडप होईल. कोड काय करतो, तर घनता ठरलेल्या मर्यादेवर गेली की फासा टाकतो, दान पडलं की त्या कणाचा 'तारा'. आणि सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, जोर किती ठेवायचा हे ईगलवाल्यांनी आजच्या दीर्घिकांची निरीक्षणं बघूनच ठरवलं. पेपर आधीच फुटलेला, मग मार्कांचं कौतुक कसलं?

कोडवाला: अहो पण लपवलंय कुठे? निरीक्षणांशी जुळवून घेतलंय, म्हणजे कॅलिब्रेट केलंय, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. आणि नाही केलं तर काय होतं ते बघा ना, सुपरनोव्हाची ऊर्जा एवढ्या अवजड कणांत वाटली की वायू जेमतेम तापतो नि लगेच गार होतो, जणू स्फोट झालाच नाही, मग तो कोसळत राहतो आणि तारे नको तितके. ही खोट रिझोल्यूशनची, म्हणजे कण पुरेसे बारीक नसल्याची. म्हणून ईगलमध्ये ऊर्जा थोडी थोडी न वाटता मोजक्याच कणांना एकदम तीन कोटी अंशांनी तापवतात. जुगाड आहे, मान्य, पण उगाच केलेला नाही.

रोहिणी: फीडबॅक, म्हणजे स्फोटांनी वायू तापवून-उडवून ताऱ्यांना घातलेला लगाम, हवाच हो, त्यावर कोण भांडतंय. आपल्या आकाशगंगेत रेणुरूप वायू साधारण 100 कोटी सूर्यांएवढा, तो नुसता गुरुत्वाने कोसळला असता तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे झाले असते, होतात एक-दोन सूर्यांइतकेच. भानगड पुढे आहे. फायर-2 या दुसऱ्या सिम्युलेशनमध्ये आकाशगंगेएवढ्या दीर्घिकांतही कण 7 हजार सूर्यांइतके बारीक, तारा बनायला घन सेंटिमीटरला 1000 अणू लागतात, ईगलची मर्यादा त्याच्या फारच खाली. फायरच्या बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिकांत वायू पुन्हा पुन्हा उधळला जातो आणि मधलं कृष्णद्रव्यही (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने कळणारं द्रव्य) पसरतं, ईगलमध्ये तसं होत नाही. गुरुत्व तेच, कृष्णद्रव्य तेच, मोठा फरक तारे कसे बनवले याचा! मग बटू दीर्घिकांबद्दल विश्वास कुणावर ठेवायचा?

निरुद्योगी: मी तेच म्हणतोय ना.

कोडवाला: नाही, तुम्ही सगळंच मोडीत काढताय. रोहिणीताईंचा मुद्दा बटू दीर्घिकांपुरता बरोबर आहे, पण फायर बहुतेकदा एकेकच दीर्घिका झूम करून, म्हणजे तेवढाच भाग बारकाईने, चालवतात, हजारो दीर्घिकांचा हिशोब त्यात कुठून आणणार? आणि ईगलचं कॅलिब्रेशन ताऱ्यांचं वस्तुमान आणि दीर्घिकांचे आकार यांवर आहे, हायड्रोजनवर नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2020 मध्ये 800 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला अणुरूप हायड्रोजन मोजला, बाहेरून नवा आला नसता तर तो तारे बनण्यात 100-200 कोटी वर्षांतच संपला असता. हा प्रश्न फुटलेल्या पेपरात नव्हता, त्यावर तपासा की.

निरुद्योगी: तपासा, पण ती हजारो दीर्घिकांची सरासरी आहे हे विसरू नका. वायू जास्त येतो नि जास्त उडवला जातो, किंवा कमी येतो नि कमी उडतो, शिल्लक सारखीच दिसेल. येणं-जाणं वेगवेगळं मोजून दाखवा, मग बोलू.