भैरवी आधी की तोफा?

प्रकाशकाका (१०२): सर्वांना नमस्कार. ८ एप्रिलला कुमार गंधर्वांचा जन्मदिवस. संध्याकाळी ७ ला गच्चीवर जमूया. ३०४ मधली अनघा दोन बंदिशी म्हणणार, मग जुनी ध्वनिमुद्रणं ऐकू.

रोहन (२०१): काका, ७ ला खाली पार्किंगात देखाव्याची प्रॅक्टिस आहे. स्पीकर पण आलाय.

सुमनकाकू (१०३): ते कळलंय बाळा. काल तुमच्या तोफांनी आमच्या कपाटाच्या काचा वाजूलालत्या.

मेघना (४०२): कसला देखावा? शिवजयंती १९ फेब्रुवारीला झाली ना?

रोहन: वैनी, पुण्याहून आलाय म्हणून माफ.

सुमनकाकू: अगं, बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेला असते. शंभरी उलटली या उत्सवाची. मग चित्ररथांची मिरवणूक, उजाडलं तरी चालूच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अख्खा गड उभा करतात. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, वर पोरं नुसते ओठ हलवतात. पुढं दोघं बांबू घेऊन चालतात, वायरी उचलायला. गेल्या वर्षी रामदेव गल्लीत आमचा बुरूज केबलीत अडकला, तर औरंगजेब खाली उतरून ट्रॉली ढकलूलालता!

मेघना: हे बघायलाच हवं. जागा कुठे धरायची?

सुमनकाकू: हुतात्मा चौक. जेवून ये, चटई घेऊन ये, आणि सकाळी चहाचं बघू.

बसवराजअण्णा (३०१): ते सगळं खरं, पण कुमारांचं मागं टाकू नका. आमच्या सुळेभावीचे ते. घरात कन्नड, आडनाव कोमकलीमठ. लहानपणीच मुंबईला देवधर मास्तरांकडं गेले, पुढं देवासला राहून माळव्यातली लोकगीतं गोळा केली. आमचे वडील त्यांचं निर्गुणी भजन लागलं की रेडिओजवळ कुणाला बोलू देत नव्हते. प्रॅक्टिस जरा पुढं ढकला की रे.

रोहन: ढकललो असतो अण्णा, पण बाजीप्रभू साडेनऊला झोपतोय. सातवीत आहे.

प्रकाशकाका: बरं. गाणं ७ ते साडेआठ. भैरवी संपली की मी गच्चीवरून टॉर्च दाखवतो. मग उडवा काय तोफा उडवायच्या त्या.

सुमनकाकू: तोफा ऐकू येईपर्यंत खिंडीत थांबायचं, एवढंच तर काम आहे बाजीचं. थांबेल की.

रोहन: चालतंय. अण्णा, तुम्ही सिद्दी मसूद व्हायचं कबूल केलाय, विसरू नका.

बसवराजअण्णा: दाढीचा गोंद बदला आधी. गेल्या वेळी आठ दिवस हनुवटी खाजूलालती.

मेघना: मी सगळ्यांना कुंदा आणते. कुठल्या दुकानातला चांगला?

सुमनकाकू: हे ग्रुपवर विचारू नको बाई, रात्रभर संपणार नाही. फोन कर.

प्रकाशकाका: सतरंज्या कुणाकडे आहेत? गणपतीत नेलेल्या दोन अजून आल्या नाहीत.