विषय: चिऊ किंडरगार्टनला चाललीय, तिला काय काय सांगून पाठवू?

मंडळी नमस्कार,

आपल्या ईमेल लिस्टवर बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण खरंच जीव टांगणीला लागलाय. आमची चिऊ (हे घरातलं नाव) ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात किंडरगार्टनला जाणार. वाढदिवस २८ ऑगस्टचा आणि इथे कॅलिफोर्नियात कटऑफ १ सप्टेंबर (त्या तारखेपर्यंत पाच पूर्ण व्हायला हवीत), म्हणजे शाळा सुरू होईल तेव्हा तिला पाच पण पूर्ण नसतील आणि वर्गात बहुतेक सगळ्यात लहान तीच असेल. सासूबाई दीड वर्ष आमच्याकडेच होत्या म्हणून प्रीस्कूलला घातली नाही, त्यामुळे मराठी अगदी खणखणीत, "आजी, वरणावर तूप घाल ना गं" वगैरे, पण इंग्लिश कार्टूनमधलं तेवढंच.

आता रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये होम लँग्वेज सर्व्हे आलाय. बोलायला लागली तेव्हा आधी कुठली भाषा शिकली, घरी जास्त कुठली बोलते, तुम्ही तिच्याशी कुठली बोलता, घरातली मोठी माणसं कुठली बोलतात. एक मैत्रीण म्हणाली की सगळीकडे इंग्लिश टाकून दे, नाहीतर टेस्ट घेतात आणि मुलीवर शिक्का बसतो. नवरा म्हणतो आता सहा आठवडे घरात फक्त इंग्लिश. काल रात्री जेवताना तसं करून पाहिलं. चिऊ गप्पच बसली, घास तोंडात तसाच, आणि थोड्या वेळाने हळूच विचारते, "आई, तू रागावलीस का माझ्यावर?"

मला पुढे बोलवेना. तुम्ही सगळ्यांनी मुलांना काय सांगून पाठवलंत? प्लीज लिहा.

चिऊची आई, फ्रीमाँट

----

चिऊच्या आईस,

अगं, आधी नवरोबांना सांग की ते सहा आठवड्यांचं इंग्लिश आजच बंद करा. मी हे करून बसलेय म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

आमचा थोरला २०१० साली किंडरगार्टनला गेला. तेव्हा कटऑफ २ डिसेंबर होता आणि हा नोव्हेंबरअखेरचा, म्हणजे जेमतेम पावणेपाचचा. घरी पूर्ण मराठी. पहिल्याच आठवड्यात त्याला वर्गात शू लागली, तो टीचरजवळ जाऊन "शू, शू" म्हणाला. त्या बिचाऱ्या गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी त्याच्या बुटाची लेस सोडून परत नीट बांधली. हा पुन्हा म्हणाला "शू", त्यांनी दुसऱ्या बुटाची बांधली. तोपर्यंत व्हायचं ते झालं. दुपारी घ्यायला गेले तर शाळेची जादाची पँट घालून भिंतीला टेकून उभा, माझ्याकडे बघेचना, आणि बुटांच्या दोन्ही लेस इतक्या सुबक बांधलेल्या. मला आज पंधरा वर्षांनी पण ते बूट दिसतात.

त्या बाईंची काही चूक नव्हती गं. पण मी घाबरले आणि शाळेतल्या कोणीतरी "घरी इंग्लिश बोलत जा" म्हटल्यावर लगेच ऐकलं. वर्षभर घरात मराठी बंद. इंग्लिश काय, ते तसंही शाळेत हळूहळू आलंच असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात सांगलीला गेलो तेव्हा माझी आई त्याला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला लागली आणि हा माझ्याकडे बघून "व्हॉट इज शी सेइंग?" आई काही बोलली नाही, नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

माझी आई बालवाडीची ताई होती, म्हणून मला ते जास्तच लागलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर त्या स्वतः त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या, मुलांच्या ओळखीच्या वस्तू, ओळखीचे शब्द घेऊन. अंगणवाडी हे नाव तिथूनच आलं. आणि ज्या अमेरिकेत आपण एवढे घाबरतोय ना, तिथलं पहिलं किंडरगार्टन १८५६ साली विस्कॉन्सिनमध्ये वॉटरटाउनला मार्गारेट शुर्झ नावाच्या जर्मन बाईंनी स्वतःच्या घरी काढलं, आणि ते चालायचं जर्मनमध्ये! घरची भाषा घेऊन शाळेत जाणं ही या देशात काही नवी गोष्ट नाही.

म्हणून फॉर्मवर खरं ते लिही. मराठी. पहिल्या तीस दिवसांत तिची एल्पॅक म्हणून टेस्ट होईल, त्या वयात टीचर समोर बसवून एकेकाचीच घेतात, चित्रं दाखवतात, प्रश्न विचारतात. गरज दिसली तर इंग्लिशसाठी रोज वेगळी मदत मिळते आणि भाषा आली की इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या यादीतून नावही निघतं. शिक्का कसला त्यात? मदत मिळतेय ती घ्यावी.

धाकटीच्या वेळी मात्र मी शहाणी झाले होते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री तिला शेजारी घेऊन जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, तुला उपयोगी पडलं तर बघ:

"हे बघ सोन्या, उद्या टीचर खूप बोलतील आणि तुला सगळं नाही कळणार. नाही कळलं तर घाबरायचं नाही, शेजारची मुलं काय करतायत ते बघायचं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, रांग लावली की रांगेत जायचं. शू लागली तर थांबायचं नाही, हात वर करून 'बाथरूम प्लीज' म्हणायचं, शू म्हणायचं नाही, तिकडे शू म्हणजे बूट. पाणी हवं तर 'वॉटर', दुखलं तर 'हर्ट' आणि बोट लावून दाखवायचं. डबा उघडला नाही तर 'हेल्प मी'. कोणी ढकललं तर 'स्टॉप', मोठ्याने. तुझं नाव त्यांना पहिल्यांदा नीट नाही म्हणता येणार, तर तू हळूहळू तोडून परत सांगायचं, तीनदा लागलं तरी तीनदा सांगायचं, दुसरं नाव दिलं तर मान डोलवायची नाही. रडू आलं तर रडायचं, रडण्याला कोणी रागवत नाही. मी तीन वाजता गेटच्या डाव्या बाजूला, झाडाखाली. आणि घरी आलीस की मला सगळं सांगायचं, आपल्या भाषेत."

त्याआधी महिनाभर रोज हे खेळून घेतलं होतं आम्ही. मी टीचर व्हायचे, ती हात वर करायची.

मिलपिटासची काकू

----

नमस्कार,

काकूंनी लिहिलंय त्यात भर घालते. मी गेली सहा वर्षं एका एलिमेंटरी शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष द्यायचं काम करते, त्यामुळे मला दिसतात ते डबेच. खरं सांगते, पहिल्या महिन्यात मुलांना इंग्लिशपेक्षा जास्त अडतं ते झाकण. आई घरी गच्च लावून देते, गरम भाताच्या वाफेने ते आणखी घट्ट बसतं, आणि खायला मिळतात वीसेक मिनिटं, त्यातली आठ-दहा मदतीसाठी हात वर करून वाट बघण्यात जातात. आम्ही दोघी-तिघी आणि मुलं शंभर. तेव्हा चिऊला तिच्या डब्याने घरी रोज जेवायला लावा, झाकण तिनेच उघडायचं, केळं तिनेच सोलायचं, झिप तिनेच लावायची. पहिले दोन आठवडे तूप-साखर पोळीची सुरळी द्या, एका हातात धरून खाता येते, चमचा लागत नाही.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून सगळ्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि जेवण शाळेत फुकट आहे, तेव्हा डबा सांडला तरी उपाशी राहणार नाही. पण तुम्ही व्हेज असाल तर "नो मीट" हे दोन शब्द पाठ हवेत, कारण चीज पिझ्झा आणि पेपरोनी पिझ्झा शेजारीशेजारी ठेवलेले असतात आणि लहान मुलं जे हातात मिळेल ते घेतात.

आणखी एक, फायर ड्रिल. दर महिन्याला होतं. ती बेल फार कर्कश असते आणि पहिल्यांदा ऐकली की निम्मा वर्ग कानावर हात ठेवून रडतो. आधी सांगून ठेवा की खोटी आग आहे, बेल झाली की रांगेत बाहेर जायचं, बस. ज्या मुलांना घरी सांगितलेलं असतं ती लगेच ओळखू येतात.

आणि स्वेटरवर नाव. आतून, मार्करने. आमच्याकडे हरवलेल्या स्वेटरचा अख्खा रॅक भरलेला असतो.

सनीवेलहून एक मावशी

----

काकू, मावशी,

किती उशिरा लिहितेय, माफ करा. सर्व्हेत चारही ठिकाणी मराठी लिहिलं. नवऱ्याने काकूंचं मेल दोनदा वाचलं, काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तोच टीचर होऊन खुर्चीवर बसला आणि चिऊ हात वर करून "बाथरूम प्लीज".

काल पहिला दिवस झाला. गेटवर माझा हात सोडवत नव्हता, शेवटी तिनेच बोटं सोडवली. दुपारी बाहेर आली ती बोलतच, गाडीत बसेपर्यंत थांबली नाही, एक मुलगी खूप रडत होती, टीचरच्या टेबलावर मासा आहे, डबा मी उघडला, आणि शेजारच्या मुलाचा पण मीच उघडून दिला. नाव टीचरना चौथ्यांदा बरोबर आलं म्हणे. टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. रात्री आजीला व्हिडिओ कॉलवर सगळं परत पहिल्यापासून, आजीने तीनदा विचारलं मासा कुठल्या रंगाचा.

स्वेटर मात्र शाळेतच राहिलाय. नाव आतून लिहिलेलं आहे, उद्या रॅकवर बघायला सांगितलंय तिला.

चिऊची आई