जेटपॅक: पडणे लगेच सावरले की इंधनाचे गणित बिघडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोडो ४ हे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरून मी बाजूने दिसणारा एक द्विमितीय गेम तयार करत आहे. खेळाडू खोल गुहांमधून जेटपॅकच्या, म्हणजे पाठीवर बांधून उडायच्या यंत्राच्या आधाराने वर-खाली जातो आणि बहुतेक लोक तो अँड्रॉइड फोनवरच खेळतील. शत्रू, नकाशे, आवाज यांचे काम मार्गी लागले आहे. अडले आहे ते जेटपॅकपाशीच, आणि तोच गेमचा प्राण असल्यामुळे तो जमल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

सध्याची मांडणी अशी आहे. गुरुत्वाकर्षण गोडोच्या मूळ मूल्याइतकेच, म्हणजे ९८० (पिक्सेल प्रति सेकंद वर्ग) ठेवले आहे. बटण दाबून धरले की वरच्या दिशेने १६०० इतके त्वरण मिळते, म्हणजे निव्वळ जोर ६२० चा उरतो. पडण्याचा कमाल वेग सेकंदाला ७०० पिक्सेल आहे. इंधनाची टाकी भरलेली असताना सलग दोन सेकंद उडता येते आणि बटण सोडल्याबरोबर, हवेत असतानासुद्धा, ती खर्चाच्याच वेगाने पुन्हा भरू लागते.

पहिली अडचण पडण्याची. खेळाडू पूर्ण वेगाने पडत असताना बटण दाबले, तर तो थांबायला १.१३ सेकंद लागतात आणि तोवर तो आणखी ३९५ पिक्सेल खाली गेलेला असतो. ७२० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर हे अंतर निम्म्याहून जास्त आहे. ज्यांना गेम खेळायला दिला, त्यांना बटण दाबूनही खेळाडू दोर तुटलेल्या पोहऱ्यासारखा तळाशी जाताना दिसला आणि बटण चालतच नाही अशी त्यांची समजूत झाली.

म्हणून वेग खालच्या दिशेने असेपर्यंत जोर अडीच पट, म्हणजे ४००० केला. आता खेळाडू पाव सेकंदाच्या आत आणि ८१ पिक्सेलमध्ये सावरतो. हाताला हे फारच छान लागते, परंतु यामुळे दुसरी अडचण उभी राहिली. आधी थोडे थोडे बटण दाबत हवेत तरंगायचे झाले, तर ६१ टक्के वेळ बटण दाबावे लागे आणि सुमारे नऊ सेकंदांत टाकी रिकामी होई. आता किंचित खाली येऊ देऊन बटण दाबले की वाढीव जोर मिळतो, त्यामुळे ४६ टक्के वेळ दाबूनही उंची टिकते, आणि भरण्याचा वेग खर्चाइतकाच असल्याने टाकी कधी संपतच नाही. गुहेतले सगळे अडथळे वरच्या वर ओलांडता येतात.

वाढीव जोराच्या प्रमाणात इंधनही अडीच पट खर्च करून पाहिले. तसे केले तर टाकी संपते खरी, पण हिशेबाने तरंगण्याचा काळ २८ सेकंदांच्या आसपास जातो, जो माझ्या नकाशांसाठी फार आहे. वाढीव जोर फक्त ४०० पेक्षा जास्त वेगाने पडतानाच द्यावा, हा उपाय मला सर्वांत पटतो, कारण हळूहळू तरंगणाऱ्याला त्याचा लाभ मिळत नाही आणि पूर्ण वेगाने पडणाराही १८४ पिक्सेलमध्ये थांबतो. मात्र वेग ४०० च्या खाली येतो त्या क्षणी जोर एकदम बदलतो आणि तो झटका डोळ्यांना स्पष्ट जाणवतो.

इतर गेममधले उपाय मी पाहिले आहेत. १९९६ च्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’मध्ये इंधन आपोआप भरतच नाही, नवा जेटपॅक शोधावा लागतो. २०११ च्या ‘जेटपॅक जॉयराइड’मध्ये इंधनाचा प्रश्नच नाही, कारण तिथे आव्हान पुढून येणाऱ्या अडथळ्यांचे आहे. १९९८ च्या ‘स्टारसीज: ट्राइब्स’मध्ये जेटपॅक आणि ऊर्जेवर चालणारी शस्त्रे एकाच साठ्यावर चालतात, त्यामुळे उडणाऱ्याला प्रत्येक वेळी निवड करावी लागते, हे मला फार आवडते, पण माझ्या गेममध्ये शस्त्रे नाहीत. आपल्याकडे वसतिगृहांमध्ये ज्याचे डाव रंगायचे त्या ‘मिनी मिलिशिया’प्रमाणे बटण सोडताच टाकी भरू लागावी, हीच माझी इच्छा आहे. टाकी फक्त जमिनीवर भरेल असे केले तर प्रश्न सुटेल हे मला कळते, परंतु उंच, उभ्या गुहांमध्ये पाय टेकायला जागाच कमी असल्याने तो मार्ग मला नको आहे.

जाणकारांनी दोन गोष्टींबद्दल सांगावे. वाढीव जोर पडण्याच्या वेगानुसार हळूहळू कमी करत न्यायचा असेल, तर तो सरळ प्रमाणात उतरवावा की वक्राने, आणि साधारण कोणत्या वेगापासून? दुसरे म्हणजे, बटण सोडल्यावर टाकी भरायला लागण्यापूर्वी थोडी विश्रांती ठेवली, समजा ०.३ सेकंदांची, तर ती खेळणाऱ्यांना जाचक वाटते का? ज्यांनी स्वतः असे काही बांधले आहे, त्यांचे आकडे कळले तर फार उपयोग होईल. केवळ जेटपॅकपुरता वेगळा केलेला प्रकल्प माझ्याकडे तयार आहे. कोणाला प्रत्यक्ष चालवून पाहायचा असेल तर तसे कळवावे, मी लगेच पाठवतो.