मदत हवी आहे: थ्रेड-सेफ क्यू सगळ्या टेस्ट पास करते आणि प्रत्यक्षात अडकून बसते, टेस्ट करायची तरी कशी?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय कारण गेले तीन आठवडे एकाच बगच्या मागे आहे आणि आता डोकं चालेनासं झालंय.

प्रकार असा. सी प्लस प्लसमधे एक ब्लॉकिंग क्यू लिहिलीय, म्हणजे भरली की टाकणारा थांबतो आणि रिकामी झाली की काढणारा थांबतो. स्टँडर्ड लायब्ररीत अशी क्यू आयती मिळत नाही, जी साधी क्यू आहे ती थ्रेड-सेफ नाही (एकाच वेळी अनेक थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागांनी, वापरली तर बिघडते), म्हणून सगळे करतात तेच केलं, ती साधी क्यू घेतली, तिला एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) आणि एक कंडिशन व्हेरिएबल (ज्यावर थ्रेड झोपून वाट बघतो आणि दुसरा त्याला उठवतो) लावलं. कोड ऑफिसचा असल्यामुळे जसाच्या तसा टाकता येत नाही पण सांगाडा हा घ्या:

टाकताना: लॉक घे, क्यू भरलेली आहे तोवर कंडिशनवर थांब, आयटम टाक, नोटिफाय वन (झोपलेल्यांपैकी एकाला उठव), लॉक सोड.
काढताना: लॉक घे, क्यू रिकामी आहे तोवर त्याच कंडिशनवर थांब, आयटम काढ, नोटिफाय वन, लॉक सोड.

थांबण्याच्या भोवती इफ नाहीये, व्हाइल आहे, म्हणजे थ्रेडला उगाच जाग आली तरी तो परत तपासतो आणि परत झोपतो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील :)

टेस्ट म्हणाल तर ४ प्रोड्युसर (टाकणारे थ्रेड), ४ कन्झ्युमर (काढणारे), १ कोटी आयटम. प्रत्येक आयटम म्हणजे एक आकडा. टाकणारे सगळ्या आकड्यांचा एक्सॉर (बिटांची अशी बेरीज की तोच आकडा दोनदा आला तर रद्द होतो) काढतात, काढणारे काढलेले आकडे एका सामायिक व्हेक्टरमधे टाकतात (त्याला वेगळा म्युटेक्स आहे) आणि शेवटी दोन्हीकडचा एक्सॉर जुळतो का बघते. जुळतो. दरवेळी जुळतो. रात्रभर लूपमधे चालवली तरी जुळतो.

आणि सर्व्हरवर मात्र कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने सगळं गप्प. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमधे एक ओळ नाही, सीपीयू शून्य. जीडीबी (डीबगर) लावून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोण कोडमधे कुठे थांबलाय ते) काढले तर सगळेच्या सगळे वेटमधे झोपलेले. क्यूचा साइझ बघितला तर ० !! म्हणजे काढणारे थांबलेत ते समजू शकते, पण क्यू रिकामी असताना टाकणारे कशाची वाट बघतायत? संशय आला म्हणून मधे मधे प्रिंट टाकले तर पठ्ठ्या बारा दिवस अडकलाच नाही, आणि प्रिंट काढले तर तिसऱ्या दिवशी परत तेच.

आता टीममधले एकजण म्हणतात टेस्टमधे ठिकठिकाणी रँडम स्लीप टाक, कधीतरी सापडेल. मला ते साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखं वाटतंय. तर जाणकारांना प्रश्न असा की असला बग टेस्टमधे मुद्दाम कसा आणायचा, आणि नाहीच आला तर "क्यू बरोबर आहे" हे मी कुठल्या तोंडाने सांगायचं?

प्रतिसाद

थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडच्या चुका शोधणारं साधन) लावा भाऊ. जीसीसी आणि क्लँग दोन्हीत आहे, कंपाइल करताना एक फ्लॅग दिला की झालं. दोन मिनिटांत ओळ नंबरासकट सांगेल.

धागाकर्ती

भाऊ नाही, ताई :) लावून झालंय. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो त्यामुळे १ कोटीवरून १० लाखांवर आणावं लागलं, पण रिपोर्ट एकदम स्वच्छ. एकही वॉर्निंग नाही.

प्रतिसाद

स्वच्छच येणार हो ताई. सॅनिटायझर डेटा रेस शोधतो, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी लॉकशिवाय एकाच जागी हात घालतायत आणि त्यातला एक तरी लिहितोय. तुमच्याकडे सगळं लॉकच्या आत आहे, मग तो काय सांगणार बिचारा. कोण कोणाला उठवतंय, चुकीच्या माणसाला उठवलं का, हे त्याच्या अखत्यारीत येत नाही.

दुसरं म्हणजे १ कोटी आयटम या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. दोन थ्रेड, प्रत्येकाच्या फक्त १० स्टेप धरल्या तरी त्या एकमेकांत मिसळायचे १,८४,७५६ प्रकार होतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर (कुठला थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणारा) त्यातले तेच ते मूठभर प्रकार आलटून पालटून दाखवतो. म्हणजे कोटीभर वेळा तुम्ही साधारण एकच टेस्ट चालवताय.

आता तुमच्या टेस्टबद्दल बोलतो, राग मानू नका. एक्सॉर वापरू नका. एखादा आयटम चुकून दोनदा जास्तीचा निघाला तर तो एक्सॉरमधे स्वतःलाच खाऊन टाकतो आणि बेरीज-वजाबाकी जुळल्यासारखी दिसते. त्याऐवजी प्रत्येक आयटमवर प्रोड्युसरचा नंबर आणि त्याचा स्वतःचा अनुक्रमांक ठेवा. मग हरवलेला कुठला, दुप्पट झालेला कुठला हे नावानिशी कळतं, आणि फुकटात क्रमही तपासून होतो, कारण कुठल्याही एका कन्झ्युमरला एका प्रोड्युसरचे जे आकडे मिळतील ते चढत्याच क्रमाने मिळायला हवेत.

तो सामायिक व्हेक्टर तर आधी काढा. काढणारे सगळे तुमच्या त्या दुसऱ्या म्युटेक्सपाशी रांग लावून उभे राहतायत, म्हणजे खऱ्या क्यूवर गर्दी होतच नाही, टेस्टनेच बगला पांघरूण घातलंय. प्रिंटचंही तेच, आउटपुटलाही आतून लॉक असतं. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा व्हेक्टर द्या, शेवटी जोडा. आणि सगळे थ्रेड तयार होईपर्यंत बॅरिअरवर थांबवा (सगळे जमेपर्यंत कोणालाच पुढे सोडत नाही, सी प्लस प्लस २० मधे आयता आहे), नाहीतर आठवा थ्रेड जन्माला येईपर्यंत पहिल्याचं निम्मं काम उरकलेलं असतं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण याने हा बग सापडणार नाही असं मला वाटतं. ताई, एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिलेली नाही. क्यूची क्षमता किती? टेस्टमधे किती आणि सर्व्हरवर किती? आणि सर्व्हरवर थ्रेड किती?

धागाकर्ती

टेस्टमधे १०२४. सर्व्हरवर ४, कारण तिथे एकेक आयटम म्हणजे भलामोठा इमेज बफर आहे, मेमरी पुरत नाही. थ्रेड १२ आहेत, ३ टाकणारे आणि ९ काढणारे. का हो?

प्रतिसाद (वरचाच मी)

मग काखेत कळसा आणि गावाला वळसा :) कागद पेन्सिल घ्या. क्षमता १, एक प्रोड्युसर प, दोन कन्झ्युमर क१ आणि क२.

सुरुवातीला क्यू रिकामी, क१ आणि क२ दोघं येऊन झोपले. प आला, आयटम टाकला, नोटिफाय वन, समजा क१ जागा झाला. पण जागं होणं म्हणजे लॉक मिळणं नव्हे. क१ लॉकपर्यंत पोचायच्या आत प परत आला, क्यू भरलेली बघितली आणि झोपला. आता झोपलेले कोण? क२ आणि प, दोघं एकाच कंडिशनवर. क१ ला लॉक मिळालं, त्याने आयटम काढला आणि नोटिफाय वन मारलं. कोणाला उठवायचं हे स्टँडर्ड सांगत नाही, झोपलेल्यांपैकी कोणीही. उठवायला हवा होता प, उठला क२. क२ ने बघितलं क्यू रिकामी, परत झोपला, आणि झोपताना तो कोणाला काही सांगून झोपत नाही. क१ परत आला, रिकामी, झोपला. संपलं. तिघं झोपलेले, साइझ ०, सीपीयू ०. तुमचा बॅकट्रेस आठवा.

आता गंमत बघा. हे घडायला जेवढे थ्रेड लागतात ते क्षमतेच्या दुपटीपेक्षा जास्त असावे लागतात. क्षमता १ ला तीन, क्षमता ४ ला नऊ. सर्व्हरवर तुमचे १२ आहेत. टेस्टमधे ८ थ्रेड आणि क्षमता १०२४, तिथे १ कोटी काय, १०० कोटी आयटम टाकले असते तरी हा बग आलाच नसता. कमी शक्यता वगैरे नाही, अशक्यच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. प्रत्येक टाकणं-काढणं लॉकच्या आत होतं म्हणजे ती एक अखंड पायरी धरता येते. मग अख्ख्या सिस्टिमची स्थिती म्हणजे काय तर क्यूत किती आयटम आणि कुठले थ्रेड झोपलेत, बस. १२ थ्रेड, प्रत्येक जागा नाहीतर झोपलेला म्हणजे ४०९६, गुणिले साइझच्या ५ शक्यता, २०,४८० स्थिती. पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहा, सुरुवातीच्या स्थितीपासून निघा, प्रत्येक जाग्या थ्रेडला एकेक पायरी चालवून बघा, नोटिफाय वन आला की झोपलेल्या प्रत्येकाला उठवून वेगळी फांदी काढा. सगळे झोपलेत अशी स्थिती सापडली की तो तुमचा बग, आणि तिथवर कसे पोचलो ती वाटही हातात. टीएलए प्लस (सिस्टिमचं वर्णन लिहून तपासायची भाषा आणि तिची साधनं) हेच काम करतं, पण एवढ्यासाठी ते शिकायची गरज नाही. स्लीप-बीप काही नको, शेड्युलरच्या मर्जीवर काहीच सोडायचं नाही.

अवांतर: खऱ्या क्यूची टेस्टही ठेवाच, फक्त क्षमता १ आणि २ वर. मोठी क्यू क्वचितच भरते किंवा रिकामी होते आणि क्यूचे बग तर नेमके त्या दोन काठांवरच राहतात. सोबत एक पहारेकरी थ्रेड ठेवा, काढलेल्या आयटमचा काउंट दहा सेकंद हलला नाही तर सरळ अबॉर्ट, म्हणजे कोअर डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मिळतो आणि बिल्ड मशीन रात्रभर लटकत नाही.

धागाकर्ती

बसून केलं. काय बोलू आता.

आधी पायथनमधे ते स्थितींचं मॉडेल लिहिलं, ४० ओळीच झाल्या. १२ थ्रेड क्षमता ४, डेडलॉक (सगळे झोपलेले, उठवणारा कोणी नाही) सापडला. मग ३ टाकणारे तसेच ठेवून काढणारे एकेक कमी करत गेले, ९ थ्रेडपर्यंत सापडतो, ८ ला नाही. तुम्ही म्हणालात तसंच, हुबेहूब. मग खऱ्या क्यूवर क्षमता १, एक प्रोड्युसर दोन कन्झ्युमर, आणि पहिल्याच रनला पाच हजार आयटमसुद्धा झाले नाहीत तोवर पहारेकऱ्याने अबॉर्ट केलं. तीन आठवडे गेले हो माझे.

नोटिफाय वनच्या जागी नोटिफाय ऑल (झोपलेल्या सगळ्यांना उठव) टाकलं तर अडकणं थांबलं, पण मग एका आयटमसाठी अकरा जण उठून परत झोपतात ते बघवेना. म्हणून आता दोन कंडिशन व्हेरिएबल केलीत, एक "क्यूत जागा रिकामी झाली" आणि एक "माल आला". टाकणारा दुसऱ्यावर नोटिफाय वन करतो, काढणारा पहिल्यावर, त्यामुळे चुकीचा माणूस उठायचा प्रश्नच नाही. मॉडेलमधेही तसा बदल केला, १२ थ्रेड, एकही डेडलॉक नाही. खऱ्या क्यूवर क्षमता १, २ आणि ४, दोन तास झाले, चालू आहे.

प्रतिसाद

छान. आता एक करा, दुरुस्त क्यूत मुद्दाम घाण करून बघा. एकदा व्हाइलचा इफ करा, एकदा लॉक काढून टाका, एकदा काढतानाचा नोटिफाय गाळा, आणि दरवेळी टेस्ट फेल होते का ते बघा. जी मोडतोड करूनही टेस्ट हिरवी राहील तिथे टेस्टला भोक आहे. इफवाली पकडायला जरा त्रास होईल, तिथे कन्झ्युमर वाढवा.

आणि जावाला हीच दोन कंडिशनची पद्धत आयती मिळते, अॅरे ब्लॉकिंग क्यूत आतून एक लॉक आणि दोन कंडिशनच आहेत. तिचा सोर्स उघडा आहे, एकदा वाचून काढा.

बाकी ते क्यू बंद करायचं फंक्शन असेलच ना तुमच्याकडे, क्लोज की काय ते? त्यात झोपलेल्यांना कसं उठवताय? तिथे मात्र दोन्ही कंडिशनवर नोटिफाय ऑलच लागतं, कारण एकाला नाही, सगळ्यांना घरी पाठवायचंय.

धागाकर्ती

थांबा. क्लोजमधे पण नोटिफाय वन आहे. आणि त्याची टेस्ट एका कन्झ्युमरवर लिहिलीय.

आले परत.