अनुभव धागा: छोट्यांची उन्हाळी शिबिरं

कैरीची_डाळ
सकाळी पेपर उघडला तर आतून पत्रकांचा गठ्ठाच ओट्यावर पडला. अबॅकस, फोनिक्स, क्ले, मिनी शेफ, आणि एकात 'व्यक्तिमत्त्व विकास, वय ४ ते ७'. ती वाचताना मन थेट सारसबागेसमोर जाऊन पोचलं. लेक लहान असताना मे महिन्यात तिला गरवारे बालभवनात पाठवायचे. शोभाताई भागवतांनी वर्षानुवर्षं जीव लावून वाढवलेली जागा. जुने कपडे घालून पाठवायचे, एवढंच आम्हाला सांगितलेलं. माती, पाणी, रंग, गाणी आणि पोटभर पळापळ. स्पर्धा नाही, नंबर नाही. परत येताना स्कूटरवर पुढे उभ्या उभ्याच तिला पेंग यायची आणि आंघोळ घालताना कानामागून माती निघायची. आज ती कॉलेजात आहे, पण तिथली गाणी अजून तोंडपाठ.

माझं मत स्पष्ट आहे. चार-सहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत हात बरबटायची मोकळीक हवी, बरोबरीची पोरं हवीत आणि घाई न करणारं एक मोठं माणूस हवं. हे तिन्ही जिथे मिळेल ते शिबिर चांगलं, मग ते हॉलमध्ये असो की कुणाच्या गच्चीवर.

तुमचे अनुभव लिहा ना. मुलांचे, तुमचे स्वतःचे, आणि कुणी अशी शिबिरं घेत असाल तर तुमचेही.

सायलीचा_वेल
किती छान विषय! कुकर लावलाय, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

दादरकर
एरंडेल. बस, एवढंच आठवतं पहिल्यांदा. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात सुट्टीत जायचो, संध्याकाळी. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावलेलं असतं, त्याचा वास हाताला, मांड्यांना, शर्टाला. आई दारातच कपडे काढायला लावायची. पहिले काही दिवस खांबाला नुसतं चिकटून राहायलाही जमत नाही, घसरत खाली. मग एक दिवस अढी, म्हणजे पायांची पकड, बसते आणि डोकं खाली पाय वर करून अख्खं पार्क उलटं दिसतं. तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. व्यायाम मंदिरातल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर दिवसभर नुसते फोटो येत होते.

आता मुलगी जाते, सहा वर्षांची आहे. ती दोरीच्या मल्लखांबावर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढायचं. पूर्वी दोराऐवजी वेत असायचा. सुरुवातीला बोटांमध्ये सोलवटतं, खोबरेल लावायचं. तिने एकदाही 'नको जायला' म्हटलेलं नाही.

तांबडा_रस्सा
आमच्याकडं कसलं शिबिर. मे महिना म्हंजे मामाच्या मळ्यातली विहीर. कमरंला दोर, पाठीला वाळका भोपळा, आणि मामा वरनं ढकलून द्यायचा. काही पोरांना पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, पांगारा हलका असतो, बुडत नाही. नाकात पाणी जाऊन ठसका लागायचा पण सांजच्याला परत विहिरीवर हजर. लई भारी दिवस!

पेठेतली_मी
दादा, पुण्यात भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा! टिळक तलावावर डबा बांधून शिकलो आम्ही सगळी भावंडं. पट्टा काखेत काचायचा. डबा सुटला त्या दिवशी बाबांनी येताना उसाचा रस पाजला होता.

तांबडा_रस्सा
ताई, रस पाजला म्हंजे बाबा खूश झालते!

अबोली_नागपूर
इथे एप्रिलमधेच असं तापून राहिलंय की अकरानंतर लेकराला दारात उभं करणं कठीण. म्हणून आमच्याकडे शिबिरं सकाळी साडेसहा-सातला सुरू, साडेनऊला पोरं घरी. विदर्भात शाळाही जूनच्या शेवटी उघडतात ना, त्यामुळे सुट्टी लांबलचक. मी घरीच बिल्डिंगमधली आठ-दहा पोरं घेते. एसी नाही, कूलर आणि खिडकीला वाळ्याचा पडदा. त्याच्यावर पाणी मारायचं काम पोरांनाच देते, त्यातच त्यांची निम्मी सकाळ आनंदात जाते.

बाजारच्या क्लेची गरज नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसं पाणी. हळदीने पिवळा, बीटच्या रसाने गुलाबी, पालकाच्या रसाने हिरवा. चांगला मळायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात, आमच्या या उन्हाळ्यात फ्रीजमधे ठेवायचा. मीठ इतकं असतं की चुकून तोंडात घातला तर लेकरू लगेच थुंकतं, तरी लक्ष ठेवायचंच. मळण्याचं कामही त्यांच्याकडून करून घ्या. चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल धरायच्या आधी हेच पाहिजे.

सायलीचा_वेल
अबोली, बीटचा रंग कपड्यांवर राहतो का? नवीन सोफा आहे.

अबोली_नागपूर
राहतो! सोफ्यापासून दूर. खाली जुनी चादर टाक.

दोन_पिल्लांची_आई
मला मनातलं लिहायचंय. गेल्या वर्षी धाकटा साडेचारचा होता, घराजवळच्या एका शिबिरात घातला. पत्रकावर रोबोटिक्सपासून योगापर्यंत सगळं. प्रत्यक्षात एका हॉलमध्ये तीसेक मुलं आणि दोन कॉलेजच्या मुली. त्या मुली बिचाऱ्या गोड होत्या पण करणार तरी काय. स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, बरोबर नेणारं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी माझं बाळ ओल्या चड्डीत कोपऱ्यात बसलेलं सापडलं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी काढला त्याला. फी परत मिळाली नाही. मला पैशाचं काहीच नाही, पण तो त्यानंतर महिनाभर नवीन जागी माझं बोट सोडत नव्हता.

कैरीची_डाळ
अगं, वाचून पोटात कालवलं. घट्ट मिठी त्याला. आता कसा आहे?

दोन_पिल्लांची_आई
आता मस्त आहे. यंदा शेजारच्या आजी गोष्टी सांगतात तिथे जातो. फक्त गोष्टी आणि नंतर चिवडा.

पुठ्ठा_आणि_डिंक
मी स्वतः हस्तकला-विज्ञानाची शिबिरं घेते म्हणून कळकळीने सांगते. नाव घालण्याआधी आईवडिलांनी जागा बघायला जावंच. किती मुलांमागे एक मोठं माणूस, शूच्या जागी कोण नेतं, पाणी कुठे ठेवलंय, मुलाला घ्यायला कोण येणार हे नोंदवून घेतात का, शिकवणाऱ्यांची माहिती संस्थेकडे आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मुलाला तिथे ठेवू नका. पाच वर्षांखालच्यांना माझ्याकडे सहा-सात मुलांमागे एक ताई असते. कमाई कमी होते, होऊ दे.

आणि आता माझा आवडता विषय! टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेला काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ माहीत असेल. काडेपेटीच्या काड्यांचा गुल आपण आधीच खरवडून काढायचा. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, झाला सांधा. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्या, चार तुकडे, चौकोन. मग मुलांना म्हणायचं, दाबून बघा. चौकोन लगेच तिरपा होतो, कलंडतो. त्रिकोण हलत नाही. एक पठ्ठ्या मला म्हणाला, "ताई, चौकोनाला हाडच नाही!" मग आपणच चौकोनात तिरकी काडी घालून दाखवायची, तो पण घट्ट होतो. त्यानंतर रेल्वेचा पूल, पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेचा मनोरा, सगळीकडे मुलांना त्रिकोण दिसायला लागतात. हे सात वर्षांच्या पुढे. लहानांना वर्तमानपत्राच्या टोप्या आणि पंख मारणारा कागदी पक्षी पुरे. पुण्यातल्यांनी मोठ्या मुलांना आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका नक्की दाखवा.

दादरकर
चौकोनाला हाडच नाही! वा वा. मुलीला दाखवतो आजच.

झेडपी_गुरुजी
नमस्कार. इथे बहुतेक सगळे शहरातले दिसताय, म्हणून आमच्याकडचं लिहितो. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेतच मेळावा भरतो. वेगवेगळे स्टॉल मांडतो. एका ठिकाणी रेषेवरून चालणं, दोरीवरच्या उड्या. दुसरीकडे मणी-दाणे वेगळे करणं, मग चित्र बघून गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं. मूल कुठे आहे ते कळतं. त्यानंतर खरं काम सुट्टीत आई लोकांचं. वाडीवस्तीवर मातांचे गट केलेले असतात, त्यांना आयडिया कार्डं देतो आणि त्या घरच्याच वस्तूंवर खेळ घेतात. जूनमध्ये दुसरा मेळावा, तेव्हा फरक बघायचा.

आमच्या वस्तीवर एक आई आहे, स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी लिंबाखाली पोरं गोळा करून हरभरे आणि चिंचोके वेगळे करायला लावायची, मग दहा-दहाच्या रांगा. जूनच्या मेळाव्यात तिच्या गटातली पोरं धडाधड मोजत होती. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. ती पदर तोंडाला लावून हसत होती. या बाईंना शिबिर संचालिका म्हणावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

कैरीची_डाळ
गुरुजी, मनापासून नमस्कार त्या माउलींना. धागा काढल्याचं सार्थक झालं.

पेठेतली_मी
+१. चिंचोके! आम्ही चिंचोके भाजून खायचो. तुमच्याकडे अजून भाजतात का गुरुजी?

झेडपी_गुरुजी
हो की. दाताने फोडायला लागतो, शहरातल्या दातांना झेपणार नाही :)

जर्सीची_जाई
इथे न्यू जर्सीत शाळा जूनच्या मध्यापलीकडे सुटते आणि सप्टेंबरपर्यंत सुट्टी. दोघांची नोकरी, आजी-आजोबा सहा महिने भारतात. त्यामुळे डे कॅम्पशिवाय पर्यायच नाही. थंडीचे कोट अंगावर असतानाच नाव घालावं लागतं, नाहीतर जागा संपते. सकाळी सनस्क्रीन लावून पाठवायचं, पोहणं, क्राफ्ट, झाडाखाली गाणी. काउन्सेलर म्हणजे हायस्कूल-कॉलेजची मुलं, माझ्या लेकाला ते दादा फार आवडतात.

डब्याचा मात्र प्रश्न. लेकाच्या कॅम्पला शेंगदाणा अजिबात चालत नाही, काही मुलांना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते. नियम योग्यच आहे. पण आपल्या स्वयंपाकातून दाण्याचं कूट काढलं की काय उरतं? साबुदाणा खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी सगळंच गेलं. थंड खाता येईल असं सुचवा प्लीज.

सायलीचा_वेल
दशम्या! दुधात भिजवलेली कणीक, गूळ. थंड झाल्या तरी मऊ. धपाटेपण, फक्त दही कमी घाल.

अबोली_नागपूर
गोळाभात नको, त्याला तेल लागतं वरून. तिखटमिठाच्या पुऱ्या दे.

मांडवीकाठ
गोंयच्यान नमस्कार! आमच्या पणजीत कांपालला बालभवन आहे, सुट्टीत तिथे नाच, चित्रं, वाद्यं सगळं असतं. माझा भाचा तिथे घुमट वाजवायला बसला. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. एक तळहात चामड्यावर, दुसरा मागच्या उघड्या तोंडावर उघडझाप करतो, त्याने आवाज घुमतो. एवढासा मुलगा आणि मांडीवर मडकं, बघून ऊर भरून आला. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. चवथीला घरच्या आरतीत भाच्याने वाजवलं तेव्हा आजोबा आपलं घुमट खाली ठेवून त्याचंच ऐकत बसले.

तांबडा_रस्सा
व्हिडिओ टाका की राव आरतीचा.

मांडवीकाठ
बहिणीला विचारून टाकते.

सायलीचा_वेल
संध्याकाळी लिहायचं म्हटलेलं ते आत्ता. दादरकर, मुलगा पाच पूर्ण आहे, अजिबात स्थिर बसत नाही, भिंतीवर चढतो. मल्लखांबाला घेतील का इतक्या लहानाला? आम्ही माहीमला राहतो.

दादरकर
भिंतीवर चढणारीच पोरं हवीत तिथे. पण वयाचं आणि बॅचचं प्रत्यक्ष जाऊन विचारा, गर्दी असते. नखं कापून आणा, अंगठी-गंडा-दोरा काढून. उद्या सहाच्या सुमारास मी मुलीला सोडायला येतोय, तुम्हीही या. मुलाला आधी नुसतं बघू दे.

सायलीचा_वेल
येतो आम्ही. एरंडेलचे डाग कशाने जातात?

पेठेतली_मी
धुण्याआधी डागावर भांड्यांचं लिक्विड चोळून ठेव थोडा वेळ, मग गरम पाणी.

जर्सीची_जाई
दशम्यांचं प्रमाण द्या ना कुणीतरी. इथे रात्रीचे दहा वाजलेत, सकाळी डबा आहे.

सायलीचा_वेल
वाटीभर गूळ पाऊण वाटी कोमट दुधात विरघळव, गाळून घे. त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तूप, चिमूट मीठ, वेलची. पोळीपेक्षा जाड लाट, मंद आचेवर तूप सोडून भाज. गार झाल्यावरच डब्यात भर.