आईचं पोट साफ होत नाही, माझं पळताना थांबत नाही: व्यायामाचा सल्ला हवा

पायवाट:
नमस्कार मंडळी. एकाच घरात दोन टोकांच्या तक्रारी आहेत, म्हणून एकच धागा काढतोय.

आई ६४ वर्षांची. गुडघे धरलेले, बद्धकोष्ठ जुनं. रात्री चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. थायरॉइड वगैरे तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हालचाल वाढवा." म्हणजे नेमकं काय, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. रविवारी खडकवासल्याकडे लाँग रन असतो. १४-१५ किमी झाले की पोटात अशी कळ येते की हॉटेल उघडलंय का, एवढंच बघत पळतो. एरवी ५-६ किमीला काहीच होत नाही. व्यायामाने पोट सुधारतं म्हणतात, मग माझं का बिघडतं?

ताकपिठले:
आईंना जेवण झाल्यावर शतपावली. बाकी सगळे नखरे नंतर.

मंदगती:
पायवाट, तुमच्यासारखे रनर पैशाला पासरी आहेत, लाजू नका. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवतं. आतड्यांचा रक्तपुरवठा जोराच्या व्यायामात ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. त्यात हादरे, घाम आणि ऊन. थोडा वेळ आतडी निभावून नेतात, दीड-दोन तास ताणलं की कुरकुरतात. म्हणून ५-६ किमीला काही जाणवत नाही.

आदल्या रात्री राजमा, छोले, कोबी, ढीगभर कोशिंबीर नको; साधा वरणभात खा. पहाटे दूध टाळा. केळं खायचं तर निघण्याआधी तासभर. कॉफीने पोट मोकळं होत असेल तर ती घरीच प्या, म्हणजे काम घरीच उरकेल. एनर्जी जेल (पळताना घ्यायचं साखरेचं पाकीट) घेत असाल तर साध्या पाण्याबरोबर. वर गोड स्पोर्ट्स ड्रिंक ढोसलं की साखर जास्त होऊन मुरडा ठरलेला. जेलची सवय सरावातच करायची, शर्यतीच्या दिवशी नवा ब्रँड नको. आणि गुडघा दुखेल म्हणून आधीच आयब्युप्रोफेन घेऊन पळणारे आमच्या ग्रुपात आहेत. त्याने आतड्याच्या अस्तराला आणखी इजा होते. बंद म्हणजे बंद.

लाँग रन बोलत बोलत पळता येईल इतका सावकाश करून बघा. निम्म्या लोकांचं दुखणं वेगातच असतं, पण घड्याळ बघणाऱ्यांना ते पटत नाही.

मिरजेची_फिजिओ:
मंदगतींना अनुमोदन. मी आईंबद्दल लिहिते.

'हालचाल वाढवा' म्हणजे जिम नव्हे. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात सावकाश चालणं. गुडघे फारच कुरकुरत असतील तर खुर्चीत बसून आळीपाळीने मांड्या उचलायच्या. चालण्याने मोठ्या आतड्याची पुढे ढकलण्याची क्रिया वाढते, जेवणानंतरची साखरही कमी चढते.

आता वेळ. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप जोर धरतं आणि सकाळी ते सगळ्यात जागं असतं. म्हणून चहा-नाश्ता, थोडं चालणं आणि लगेच संडास, हा क्रम रोज तोच ठेवा. कळ आली की "एवढी पोळी लाटून होऊ दे" असं म्हणून दाबायची नाही. आपल्या बायका हे हमखास करतात.

बसण्याची पद्धतही बघा. गुदाशयाला एक स्नायू गोफणीसारखा मागून वळसा घालून असतो. कमोडवर सरळ बसलं की तो अर्धवट आवळलेलाच राहतो, उकिडवं बसलं की सैल पडतो. गुडघ्यांमुळे उकिडवं बसणं जमणार नाही, तर कमोडसमोर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ देत, जरा पुढे वाका. श्वास रोखून कुंथायचं नाही; पोट फुगवत श्वास घ्यायचा आणि सोडताना खाली जोर द्यायचा.

चूर्णात सोनामुखी (आतड्यांना जोर करायला लावणारं रेचक पान) आहे का बघा. असली तरी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. शौच मऊ असूनही जोर करावा लागत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलटे आवळत असतील. त्यावर वेगळे व्यायाम आहेत, नुसतं चालून भागणार नाही. आणि रक्त पडणं, काळी शौच, वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही.

जिवाणूप्रेमी:
थोडी भर. इलिनॉय विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास मला फार आवडतो. बैठ्या सवयीच्या ३२ जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा ते एक तास व्यायाम करायला लावला. आहार बदलला नाही. तरी आतड्यांत ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढले. हे ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन. वाढ सडपातळ लोकांमध्ये जास्त दिसली. मग सहा आठवडे व्यायाम थांबवला, तर बहुतेक कमाई गेली! महागड्या प्रोबायोटिकच्या बाटल्या विकणारे हे सांगत नाहीत.

आयबीएसवाल्यांसाठी (म्हणजे पोटदुखीसोबत जुलाब किंवा बद्धकोष्ठाचा जुना त्रास असणारे): स्वीडनमध्ये २०११ साली १०२ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. व्यायाम वाढवलेल्या गटात ८ टक्के लोकांचा त्रास बळावला, न वाढवलेल्यांत २३ टक्क्यांचा.

आयर्लंडच्या रग्बीपटूंच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता जास्त आढळली (२०१४), ते उदाहरण मात्र जपून द्यावं. ती मंडळी प्रथिनंही भरपूर खात होती. श्रेय कुणाचं, ते सांगता येत नाही.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. रविवारी वेग कमी करून बघतो, शनिवारची मिसळ रद्द. आई चालायला तयार आहे, पण पाट म्हटल्यावर भडकली. "ज्या पाटावर पानं मांडतो तो संडासात नेऊ?" वज्रासन चालेल का, हेही विचारतेय.

मिरजेची_फिजिओ:
आईंचं बरोबरच आहे, मीच चुकीचा शब्द वापरला :) आंघोळीचं ठेंगणं प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, सात-आठ इंच उंचीचं, खाली रबर असलेलं. बादली उलटी घालून पाय ठेवू नका, घसरते. गुडघे धरलेत तर वज्रासन नको. तो वेळ चालण्यात घालवा.