बँडमध्ये बेस गळ्यात मारलाय, पुढे काही होतं का?

तिसरी_तार: नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, राहायला कर्वेनगर. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत जमलेल्या पोरांचाच आमचा रॉक बँड आहे. गिटारवाले तिघं झाले, तेव्हा ठरलं की बेस (चार तारांची, खालच्या सुरांची गिटार) मी घ्यायचा. माझा सोलो सगळ्यांत कच्चा, हे न बोलता सगळ्यांना माहीत आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "दोन तारा कमी आणि पैसे जास्त?" बेसिस्टला पुढे काही भवितव्य असतं का, की कोपऱ्यात उभं राहून ढुम्‌ ढुम्‌ करायचं फक्त?

खर्जातला: तुझं वय बघून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. कॉलेजपासून बेसच वाजवतोय आणि दिवसा भोसरीत नोकरी करतो, तेव्हा थोडं लांबण लागेल.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणून क्वीनचं नाव निघालं की पुणेकर त्याला लगेच घरचा करून टाकतात. करोत बापडे. मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या बेसिस्टचा, जॉन डीकनचा भक्त आहे. जन्म १९५१, लेस्टरचा. शाळकरी पोरांच्या बँडमध्ये हा रिदम गिटार वाजवायचा. बेसवाल्याला काढलं आणि बेस याच्याकडे आला. म्हणजे तुझ्यासारखाच, सोयीपोटी झालेला बेसिस्ट.

१९७१ मध्ये तो क्वीनमध्ये आला, त्याआधी तीन बेसिस्ट येऊन गेले होते. याला वीसही पूर्ण नव्हती. वाजवायचा चांगला, बोलायचा कमी, आणि लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. तिथली पदवी त्याच वर्षी फर्स्ट क्लासमध्ये घेतली. (हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.) पुढच्या वर्षी त्याला रस्त्याकडेच्या भंगारात एक सर्किट बोर्ड मिळाला. घरी आणून त्यानं तो एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि छोटा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) झाला. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे यानं तोच अँप क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला. गिटारमधून व्हायोलिनच्या ताफ्यासारखे आवाज येतात ना, त्यातले कितीतरी त्या डबड्यातून आलेत. आम्ही बुधवारात पासोड्या विठोबाजवळ रेझिस्टर शोधत हिंडायचो, तेव्हा ही हकिकत कळली असती तर घरच्यांपुढे जरा मान वर करता आली असती.

आता कोपऱ्यातल्या ढुम्‌ ढुम्‌बद्दल. १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं आहे. गाणं पहिल्या सुरापासून बेसवर उभं आहे. बाकीचे वाजवतात कमी, थांबतात जास्त. अमेरिकेत ते पहिल्या नंबरावर गेलं. 'आय वॉन्ट टु ब्रेक फ्री' पण त्याचंच. चौघांत हा सगळ्यांत गप्प, पण बँडच्या पैशाअडक्यावर लक्ष ठेवणाराही हाच. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. डीकन १९९७ च्या जानेवारीत पॅरिसला शेवटचा स्टेजवर दिसला आणि मग निवृत्तच झाला. बाकीचे दोघं पुढेही क्वीनच्या नावानं दौरे करत राहिले, हा गेला नाही. २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सत्कार झाला, तिथंही नाही. मला हे सगळ्यात आवडतं.

आपल्याकडचं सांगायचं तर निव्वळ रॉकवर पोट भरणं अवघड. पण गिटारवाले पैशाला पासरी, बेसवाला शोधावा लागतो. त्यामुळे एकच माणूस तीन बँडमध्ये वाजवताना दिसेल. कोरेगाव पार्कच्या पबमध्ये कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी), लग्नाचं संगीत, बालगंधर्वला जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम, सगळीकडे मी हजेरी लावली आहे. मात्र कार्यक्रमवाले कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर बेस उरकतात. ते मोडायचं असेल तर नोटेशन (स्वर लिहायची-वाचायची पद्धत) शीक.

मधलीसुट्टी: 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा बेसिस्ट जॉन एंटविसल आधी इन्कम टॅक्सच्या कचेरीत कारकून होता. शिवाय फ्रेंच हॉर्न वाजवायचा. नोकरी सोडायची घाई नको, एवढंच.

थापीवाली: मी पथकात ढोल वाजवते. ताशा तडतडतो, लोक त्याचेच व्हिडिओ काढतात, पण मिरवणूक पाय उचलते ती ढोलाच्या ठोक्यावर. तुझ्या बँडमध्ये ढोलाची जागा रिकामी होती, ती तुला मिळाली. रडतोस कसला?

तिसरी_तार: काका, ते 'अनदर वन' शोधून ऐकलं, वाजवूनही बघितलं. तालाचा भाग सोपा वाटला, पण दोन मिनिटांत बोटं भरून आली. आणि माझा गिटारचा अँप आहे, तोच चालेल का?

खर्जातला: आवाज अगदी बारीक ठेवलास तर चालेल. मोठा केलास की स्पीकर फाटेल. बेसची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, गिटारची त्याच्या दुप्पट, गिटारच्या अँपला ते झेपत नाही. बोटांचं म्हणशील तर ताराही जाड आणि मानही लांब; तारेची वाजती लांबीच ३४ इंच. महिनाभर दुखेल. मेट्रोनोम (ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून हळू वाजव, सोलोचं नावही काढू नकोस. तालमीत ड्रमरच्या शेजारी उभा राहा, त्याच्या उजव्या पायाकडे बघ. गिटारवाल्यांकडे बघितलंस तर लय पळेल. घरी हेडफोनवर वाजव. खालच्या मजल्यावर अँपवरच्या बेसचा आवाज तुझ्यापेक्षा जास्त ऐकू जातो, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यावर एक पत्र लिहून ठेवलंय, ते मला अजून पाठ आहे.